वाळवीवर लवंग, वाळा, संत्रासालीचे तेल: घरात नेमका उपयोग किती?

नेरूळकर:

नेरूळमधील सिडकोच्या जुन्या वसाहतीत आमचे रो हाऊस आहे. मागील खोलीच्या दाराच्या चौकटीवर लादीपासून वीतभर उंचीपर्यंत मातीची रेघ चढली आहे. नखाने ती थोडी खरवडली तेव्हा आत पांढुरक्या वाळवीची ये-जा दिसली. चौकटीच्या खालच्या भागावर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. त्याच भिंतीला लागून प्लायवूडचे कपाट आहे आणि पलीकडच्या बाजूला न्हाणीघर आहे.

मागे एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडून काम करून घेतले होते. त्याने स्कर्टिंगच्या कडेने फवारा मारला, औषधाचे नाव विचारल्यावर सांगण्याचे टाळले, आणि पुढच्या पावसाळ्यात रेघ पुन्हा आली. सासूबाईंना दमा आहे व त्या औषधाच्या उग्र वासाने त्यांना फार त्रास झाला. त्यामुळे या खेपेस लवंग, वाळा, निलगिरी किंवा संत्र्याच्या सालीचे तेल वापरून पाहावे, असे घरातील सर्वांचे मत पडते आहे. या तेलांनी वाळवी खरोखर मरते, की काही काळ दूर राहते? तेल कशात मिसळावे आणि कुठे लावावे? दम्याच्या रुग्णाच्या घरात ते खरोखर निर्धोक म्हणता येईल का? ज्यांना या विषयातील माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वारूळ:

ताई, रेघ खरवडून आत वाळवी आहे याची खात्री केलीत ते योग्य झाले. मातीची रेघ आहे म्हणजे ही जमिनीतून वर येणारी वाळवी आहे. कोरड्या लाकडातच मुक्काम करणारी वाळवी अशा रेघा बांधत नाही. तिच्या लाकडाखाली खसखशीएवढे, सहा कडांचे कोरडे दाणे पडलेले सापडतात. या दोन प्रकारांवरील उपाय अगदी वेगळे आहेत, आणि तेलांविषयी जी उलटसुलट मते ऐकू येतात त्यांचे मूळ बहुतेक वेळा हा फरक न करण्यात असते.

तेलांनी वाळवी मरते का, याचे उत्तर होकारार्थी आहे. मी कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवले आहे आणि या संशोधनाबद्दल मला आदर आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ साली फॉर्मोसन या जमिनीतील वाळवीवर आठ तेलांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात वाळा, लवंग, गवती चहा, जिरेनियम, सीडर, कॅशियाची पाने आणि निलगिरीच्या दोन जाती होत्या. सर्वांत जहाल ठरले ते लवंगेचे तेल: प्रत्येक चौरस सेंटीमीटरला ५० मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेत दोन दिवसांत सर्व वाळवी मेली. तरीही संशोधकांनी अधिक पसंती दिली ती वाळ्याच्या तेलाला, कारण त्याचा परिणाम सर्वांत जास्त काळ टिकला. एक ग्रॅम वाळूत केवळ ५ मायक्रोग्रॅम वाळ्याचे तेल असले तरी वाळवीचे बोगदे खणणे कमी झाले.

मात्र हे आकडे घरात आणताना थांबून हिशेब करावा लागतो. चौरस सेंटीमीटरला ५० मायक्रोग्रॅम म्हणजे चौरस मीटरला अवघा अर्धा ग्रॅम. हे वाचून कोणालाही वाटेल की छोटी बाटली सगळ्या खोलीला पुरून उरेल. पण ती चाचणी बंद भांड्यात झालेली असते. तेथे वाळवीला निसटायला वाट नसते आणि तेलाची वाफही आतच कोंडलेली राहते. आपल्या चौकटीला लावलेले तेल पंख्याच्या वाऱ्यावर आणि आपल्याकडील उकाड्यात उडून जाते. निलगिरी आणि गवती चहा यांचा प्रभाव लवकर ओसरतो, लवंग त्यापेक्षा थोडी टिकते, आणि वाळा त्यांहून जड असल्याने रेंगाळतो. शिवाय तेल लाकडात फार खोल मुरत नाही. वाळवी मात्र चौकटीच्या गाभ्यात असते.

आता मुख्य मुद्दा. चौकटीत दिसते ती वाळवी वसाहतीचा अगदी लहान हिस्सा असतो. राणी, राजा, पिल्ले आणि बहुसंख्य कामकरी जमिनीखाली असतात. कामकरी लाकूड खाऊन परत जातात आणि इतरांना तोंडाने भरवतात. वाळवीला तेलाचा वास लांबूनच लागतो आणि ती तेथून वळते. जे मुंग्यांच्या आणि डासांच्या बाबतीत उपयोगी, तेच येथे अडचणीचे ठरते. चौकटीवरची रेघ वाळून पडली की घरातील माणसे निश्चिंत होतात, आणि तीच वाळवी वायरिंगच्या पाइपमधून किंवा कपाटाच्या पाठीमागून, जेथे कोणाची नजर जात नाही, तेथून वर चढते. दिसणारी वाळवी न दिसणारी होणे हे नुकसान वाढण्याचे मोठे कारण आहे. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल या औषधांचा भर नेमका याच्या उलट आहे. ती मातीत आहेत हे वाळवीला कळतच नाही. ती त्यांतून ये-जा करत राहते आणि आपल्याबरोबर औषध वसाहतीपर्यंत नेते.

दम्याबद्दल मी ठामपणे लिहितो. वास वनस्पतीचा आहे म्हणून श्वासनलिकेला तो कमी झोंबतो असे नाही. लवंग, निलगिरी किंवा संत्रासालीच्या तेलाची दाट वाफ बंद खोलीत दम्याचा झटका आणू शकते. संत्रासालीच्या तेलातील लिमोनीन हवेत राहून जुने झाले की त्वचेला ॲलर्जी आणणारे पदार्थ त्यात तयार होतात. याउलट, आपल्याला त्रास झाला तो उग्र वास क्लोरपायरिफॉससारख्या औषधाचा असण्याची शक्यता आहे. इमिडाक्लोप्रिडच्या पाण्यातील मिश्रणाला जवळजवळ वास नसतो. वास किती येतो यावरून धोका मोजू नये.

रंधा:

वारूळ काकांच्या प्रतिसादातील जवळपास सर्व मजकुराशी मी सहमत आहे, पण तेलांना एक हक्काची जागा आहे आणि ती नोंदवली गेली पाहिजे. ठाण्यात चरईत माझे जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचे काम चालते. देव्हारे, पाट, शिसवी पेट्या, आरामखुर्च्या यांत कोरड्या लाकडातील वाळवी नेहमी आढळते, कारण आपली किनारपट्टीची दमट हवा तिला मानवते. अशा वस्तूचा जमिनीशी संबंध नसतो आणि संपूर्ण वसाहत त्या एका वस्तूतच असते, म्हणून तेथे पळवाटेचा मुद्दा उरत नाही. कॅलिफोर्नियात घरांच्या लाकडात याच प्रकारच्या वाळवीसाठी भोके पाडून संत्रासालीचे तेल भरण्याची पद्धत अनेक वर्षे चालू आहे. तीही फक्त तेल पोचेल तेवढ्याच भागापुरती काम करते, हे तेथील जाणकार मान्य करतात.

मी एखादा देव्हारा हाती घेतो तेव्हा प्रथम तो पांढऱ्या कागदावर उभा करून ठेवतो आणि दाणे कोणत्या भोकाखाली पडतात ते पाहतो. त्या भोकात बारीक सुईच्या सिरिंजने तेल सोडतो. सुई आत शिरली की पोकळी किती लांब आहे ते हाताला कळते. कधी तेल दुसऱ्याच भोकातून, हातभर अंतरावर बाहेर येते, आणि तेव्हा आतला बोगदा कुठपर्यंत गेला आहे याचा अंदाज बांधता येतो. नंतर भोके मेणाने बुजवून वस्तू मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवतो, म्हणजे वाफ आतच राहते. काकांनी ज्या बंद भांड्याचा उल्लेख केला, त्याच्या जवळ जाण्याचा घरातील मार्ग हाच आहे.

काही खबरदारी सांगणे आवश्यक आहे. संत्रासालीचे तेल स्पिरिट पॉलिश आणि मेण मऊ करते व थर्मोकोल विरघळवते; म्हणून मागच्या बाजूला थेंब लावून पाहिल्याशिवाय दर्शनी भागाला हात लावू नये. ते पेट घेणारे आहे, तेव्हा देव्हाऱ्यात ते वापरल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत निरांजन किंवा उदबत्ती लावू नये. बरेच जण ही तेले अळशीच्या तेलात मिसळतात. मिश्रण चांगले आहे, परंतु अळशीचे तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

खरेदीबद्दलही लिहितो. बाजारात ‘लवंग तेल’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच बाटल्यांत लवंगेचे तेल असते असे नाही. काहींत खनिज तेलात मिसळलेला सुगंध असतो. लवंगेचे अस्सल तेल पाण्याहून जड असते. पेल्यातील पाण्यात थेंब सोडला आणि तो तळाशी गेला नाही, तर ती बाटली या कामासाठी घेऊ नये. वाळ्याचे शुद्ध तेल घट्ट, मंद वाहणारे आणि महाग असते. स्वस्त आणि पातळ असेल तर ते अत्तराच्या दुकानातील मिश्रण समजावे.

ग्रंथकपाट:

नौपाड्यातील आमच्या घरात पुस्तके पुष्कळ आहेत. कपाटात लवंगा, कापूर आणि वाळ्याच्या मुळ्यांच्या पुड्या ठेवण्याची पद्धत आमच्याकडे आजोबांपासून आहे. तिचा वाळवीवर काही उपयोग होतो का? की ती केवळ कसरीसाठी आहे?

वारूळ:

बंद कपाटात कसर आणि झुरळे यांना दूर ठेवण्यासाठी ती पद्धत चांगली आहे. जमिनीतील वाळवी भिंतीतून कपाटाच्या पाठीवर आली तर पुड्या तिला रोखणार नाहीत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे आणि पायांखाली स्टीलच्या वाट्या किंवा ग्रॅनाइटचे तुकडे द्यावेत, म्हणजे निदान रेघ चढताना दिसेल. तेल पुस्तकांवर थेट शिंपडू नये. कागदावर त्याचे कायमचे डाग पडतात.

कोलशेत:

आपण सर्वांनी लिहिलेले पटते, पण तेलांचा विषय असा ‘देव्हाऱ्यापुरता ठीक’ म्हणून बाजूला सारू नये असे मला वाटते. वाळ्याच्या तेलात अल्प प्रमाणात असलेल्या नूटकॅटोन या घटकाला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली डास आणि गोचिडी यांच्याविरुद्धच्या कीटकनाशकांत वापरण्यास मान्यता दिली. तोच घटक वाळवीच्या पोटातील सूक्ष्मजीवांनाही मारतो, आणि ते मेले की वाळवीला खाल्लेले लाकूड पचवता येत नाही. लवंगेतील युजेनॉल कीटकांच्या चेतासंस्थेतील ऑक्टोपामाइन या संदेशवाहकात ढवळाढवळ करते, असे संशोधक मानतात. माणसाच्या शरीरात ऑक्टोपामाइनची भूमिका नगण्य आहे. पुढे चांगले काही निघाले तर ते याच दिशेने निघेल. मी घराच्या कडेने वाळ्याची रोपे लावण्याचा विचार करीत आहे, त्याबद्दल काय मत आहे?

वारूळ:

आपण दिलेली माहिती बरोबर आहे आणि मलाही या दिशेकडून मोठी अपेक्षा आहे. अडचण मात्रेची आणि टिकण्याची आहे. रो हाऊसच्या भोवतीची एक फूट रुंद, दीड फूट खोल पट्टी घेतली तरी कित्येक टन माती होते. प्रयोगातील स्वच्छ वाळूच्या हिशेबाने तेवढ्या मातीला तेल फार लागत नाही, पण आपली माती चिकण असते, भरावाची असते. ती तेल धरून ठेवते, त्यातील जिवाणू ते फस्त करतात, आणि वर आपला पाऊस. रोपांबाबत सांगायचे तर तेल मुळांच्या आत साठलेले असते, ते भोवतालच्या मातीत फारसे उतरत नाही. वाळा उतारावरची माती धरून ठेवण्यासाठी उत्तम, पण घराच्या जोत्याला चिकटून कोणतेही रोप लावून रोज पाणी घालणे म्हणजे वाळवीला ओलावा पुरवणे होय. येऊरच्या जंगलात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी आपण पाहिली असेल. ती वाळवीने आत जोपासलेल्या बुरशीतून वर येते. ओलावा आणि वाळवी यांचे नाते इतके जवळचे आहे.

जोते:

मी स्थापत्य अभियंता असून नवी मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे पाहतो. काकांच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. नेरूळकर ताईंच्या वर्णनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटली ती भिंतीपलीकडचे न्हाणीघर. जुन्या रो हाऊसमध्ये न्हाणीच्या लाद्यांचे सांधे उघडलेले असतात, नहाणी ट्रॅपभोवतीचे, म्हणजे लादीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचे, सिमेंट सुटलेले असते आणि पाणी हळूहळू जोत्यात मुरत राहते. चौकटीचा पाय अनेकदा लादीखाली थेट भरावात गाडलेला असतो. वाळवीला याहून अधिक काही लागत नाही. ही गळती बंद केल्याशिवाय तेल असो वा औषध, दोन्हींवरचा खर्च पुन्हा करावा लागेल. म्हणून आधी प्लंबर बोलवावा, लाद्यांचे सांधे पुन्हा भरून घ्यावेत आणि भिंतीतील ओल सुकू द्यावी. भिंतीला टेकलेले कपाट तोवर पुढे ओढावे.

नंतर येते ती मातीवरची प्रक्रिया. उभ्या असलेल्या इमारतींसाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्यानुसार भिंत आणि लादी यांच्या सांध्यालगत साधारण फुटाफुटावर भोके पाडून, औषधाचे मिश्रण दाबाने लादीखालच्या मातीपर्यंत पोचवायचे असते व नंतर भोके सिमेंटने बुजवायची असतात. चौकटीच्या पायाशी दोन्ही बाजूंना वेगळी भोके घ्यावी लागतात. मानकातील मात्रा क्लोरपायरिफॉससाठी १ टक्का, इमिडाक्लोप्रिडसाठी ०.०७५ टक्के आणि बायफेन्थ्रिनसाठी ०.०५ टक्के आहे. ताईंकडे जे झाले ते स्कर्टिंगवरचे फवारणे होते. त्याला वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया म्हणता येत नाही. लादीवर फवारलेले औषध मातीत जात नाही, घरातील माणसांच्या नाकात मात्र जाते.

काम देताना औषधाचा मूळ सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगावे. त्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक असतो आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. डब्याचा फोटो काढून ठेवावा. मिश्रण कोणत्या प्रमाणात केले ते बिलावर लिहून घ्यावे. जो हे लिहून देत नाही त्याला काम देऊ नये. भोके पाडण्यापूर्वी वायरिंग आणि पाण्याच्या पाइपांच्या जागा दाखवाव्यात. आपल्याकडे विहीर किंवा बोअरवेल जवळ असेल तर तेही आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

नेरूळकर:

सर्वांची मनापासून आभारी आहे. न्हाणीघराचा मुद्दा आमच्या लक्षातच आणून दिला गेला नव्हता. दोन शंका राहिल्या. चौकटीचा जो भाग पोकळ झाला आहे तो वाचवता येईल का? आणि प्रक्रिया झाल्यावर नव्या लाकडाला संरक्षण म्हणून तेल लावावे, की आणखी काही?

रंधा:

ताई, ज्या चौकटीवर टिचकी पोकळ वाजते तिचा तो भाग कापून काढावा. पेचकस टोचून पाहावा. जेथे तो सहज आत शिरतो त्याच्या वर आणखी वीतभर कापून तेथे नवे लाकूड तिरप्या सांध्याने जोडता येते, पूर्ण चौकट काढावी लागत नाही. लाकूड घेताना केवळ ‘साग’ म्हणून घेऊ नये. सागाचा गर्द तपकिरी गाभा त्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवीला रुचत नाही, पण बाहेरचा फिकट थर वाळवी आवडीने खाते, आणि स्वस्तातल्या सागात तोच अधिक असतो. कापलेला तुकडा आडवा धरून टोकाकडून पाहावा, रंगातील फरक लगेच दिसतो.

रंग किंवा पॉलिश चढण्याआधी कच्च्या लाकडाला टाकणखाराच्या कुळातील बोरेट मिठांचे द्रावण दोन-तीन हात द्यावे. ते लाकडात खोल मुरते, उडून जात नाही आणि वास येत नाही. सतत पाणी लागणाऱ्या जागी ते धुऊन निघते, म्हणून न्हाणीच्या बाजूला वरून रंगाचा पक्का थर हवा. चौकटीचा पाय लादीच्या वर ठेवावा आणि खाली ग्रॅनाइटची पट्टी द्यावी. एवढे झाल्यावर कपाटाच्या आतील कोपऱ्यांना वाळ्याचे किंवा लवंगेचे तेल लावण्यास माझी हरकत नाही, पण सासूबाई त्या खोलीत झोपत असतील तर तेही टाळावे.

ग्रंथकपाट:

आमच्याकडे मांजर आहे. तेल आणि औषध यांपैकी तिच्यासाठी अधिक काळजी कशाची घ्यावी?

वारूळ:

दोन्हींची. मांजरांच्या यकृतात अनेक रसायने निकामी करणारी एक यंत्रणा फारच दुबळी असते, त्यामुळे लवंग, दालचिनी, संत्रासाल आणि निलगिरी यांची तेले त्यांना माणसापेक्षा कितीतरी अधिक बाधतात. अंगाला लागलेले तेल मांजर चाटते आणि ते पोटात जाते. ज्या खोलीत तेल लावले असेल तेथे ती निदान वास पूर्ण जाईपर्यंत जाऊ नये. परमेथ्रिन मांजरांना घातक आहे; त्या कुळातील कोणतेही औषध फवारणार असल्यास तिला आधीच दुसऱ्या घरी हलवावे आणि लादी वाळल्यावर, पुसून घेतल्यावरच परत आणावे. बायफेन्थ्रिन त्याच कुळातील आहे. घरात माशांची टाकी असेल तर ती झाकून हवेचा पंप बंद ठेवावा, कारण हे औषध माशांना अत्यंत विषारी असते.

जोते:

ताई, एक राहून गेले. आपल्या वसाहतीतील रो हाऊसना सामाईक भिंती असतील, तर शेजारच्या दोन्ही घरांशी आधी बोलावे. आपल्या बाजूची माती प्रक्रिया केलेली आणि त्यांच्या बाजूची तशीच, असे झाले तर वाळवी सामाईक भिंतीच्या पोटातून, त्यांच्या लादीखालून आपल्याकडे येऊ शकते. तिन्ही घरांचे काम एकाच वेळी दिल्यास भोके पाडणाऱ्याची फेरी वाचते आणि दरही कमी करून मागता येतो. पाऊस थांबून जमीन थोडी सुकली की, म्हणजे साधारण ऑक्टोबरनंतर, बाहेरच्या बाजूचे काम करावे. भिजलेल्या मातीत मिश्रण मुरत नाही, वाहून जाते. आतल्या चौकटीजवळची भोके मात्र तोवर थांबवण्याचे कारण नाही. न्हाणीची गळती बंद झाली की ती लगेच घ्यावीत.

नेरूळकर:

प्लंबर उद्या येतो आहे. दोन्ही शेजाऱ्यांशी बोलणे झाले. एका घरात जिन्याखालच्या माळ्यावर तशीच रेघ सापडली आहे. तिचा फोटो येथे टाकते, त्यावरून ती जुनी आहे की चालू, हे कृपया सांगावे.

वारूळ:

फोटोवरून नक्की सांगता येणार नाही. रेघेचा इंचभर भाग मधूनच मोडावा आणि तेथे पेन्सिलने खूण करून ठेवावी. चालू असेल तर एक-दोन दिवसांत तेवढाच भाग ओल्या, गडद मातीने पुन्हा बांधलेला दिसेल. दुरुस्ती झाली नाही तरी ती जुनी आहे असे लगेच समजू नये. आठवडाभर पाहावे आणि माळ्यावरील लाकडाला टिचकी मारून तपासावे. तोवर त्या रेघेवर शेजाऱ्यांना कोणतेही तेल लावू देऊ नका, नाहीतर वाळवी तेथून हलेल आणि ती कोठून येते हे शोधण्याची सोय राहणार नाही.